जायबंदी गडी आणि सतराव्या अध्यायातलं दान



आजच्या वाचनात गीतेच्या सतराव्या अध्यायातले २० आणि २१ हे दोन श्लोक आले. दोन्ही दानाचे. साध्या मराठीत अर्थ असा: द्यायला हवं म्हणून दिलेलं, योग्य जागी, योग्य वेळी, योग्य माणसाला दिलेलं, आणि मुख्य म्हणजे ज्याच्याकडून आपल्याला परत काही मिळण्यासारखं नाही अशाला दिलेलं दान ते सात्त्विक. पुढंमागं उपकार फिटतील म्हणून, फळावर डोळा ठेवून, किंवा देताना जीव कासावीस होत दिलेलं, ते राजस.

हे श्लोक वाचले की आपल्या डोळ्यांपुढं देवळातली पेटी, अन्नदानाची पावती, फार तर स्टेशनच्या पुलावर बसलेली म्हातारी येते. माझ्या डोळ्यांपुढं या आठवड्यात एक गुडघा आलाय. आणि त्याच्या जोडीनं क्रिकेटमधल्या दोन-तीन पाठी आणि एक कोपर. हसू नका. प्रश्न खरा आहे: जायबंदी झालेल्या खेळाडूला संघानं पुढच्या हंगामासाठी पुन्हा घ्यावं का? घेतलं तर ते दान, व्यवहार, की कृतज्ञता? आणि नाही घेतलं तर तो कृतघ्नपणा का?

आधी मोठ्यांचं बघू, कारण त्यांचे आकडे सगळ्यांना माहीत असतात. बदलापूर लोकलमध्ये चौथ्या सीटवर अर्धं बूड टेकवून बसलेला माणूससुद्धा कोणाला किती कोटींना घेतलं ते पाठ सांगतो.

फेब्रुवारी २०२२ च्या लिलावात मुंबई इंडियन्सनं जोफ्रा आर्चरला ८ कोटींना घेतलं. त्याचं कोपर दुखावलेलं होतं आणि तो त्या हंगामात खेळणार नाही, हे लिलावाआधीच जाहीर होतं. म्हणजे डोळे उघडे ठेवून घेतलेला जखमी गडी. प्रत्येक संघाकडं तेव्हा ९० कोटी होते, २५ खेळाडूंची मर्यादा आणि त्यात परदेशी फक्त आठ. त्या आठांतली एक जागा वर्षभर रिकामी ठेवायची असं ठरवून मुंबई उतरली. त्या हंगामात मुंबईनं पहिले आठच्या आठ सामने गमावले आणि दहा संघांत दहावा नंबर काढला. आर्चर नव्हता म्हणून हरले असं म्हणणं अन्यायाचं होईल, हरायला बाकीही भरपूर कारणं होती. पण जागा रिकामी होती, हेही खरं. २०२३ मध्ये तो आला, पाच सामने खेळला, दोन बळी घेतले आणि मे महिन्यात हंगाम अर्धवट सोडून इंग्लंडला परत गेला. नोव्हेंबर २०२३ मध्ये मुंबईनं त्याला सोडलं.

हिशोबानं बघितलं तर तोट्याचा सौदा. पण श्लोकाच्या बाजूनं बघितलं तर? माझ्या मते हे राजसच होतं, आणि त्यात वाईट काही नव्हतं. मुंबईनं दया केली नव्हती. उद्या हा बुमराहच्या जोडीनं गोलंदाजी करेल या आशेवर पैसे लावले होते. आशा फळली नाही. व्यवहार होता, संपला. त्याला दान म्हणून मिरवलं नाही, हे बरंच झालं.

आता दुसरी पाठ. जसप्रीत बुमराह सप्टेंबर २०२२ मध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध परतला, दोन सामने खेळला आणि पुन्हा पाठीनं बसवला. टी-ट्वेंटी विश्वचषक हुकला. मार्च २०२३ मध्ये न्यूझीलंडमध्ये शस्त्रक्रिया झाली, २०२३ चा आयपीएल हंगाम पूर्ण गेला. मुंबईनं त्याला धरून ठेवलं. २०२४ मध्ये त्यानं २० बळी घेतले, मग विश्वचषकात मालिकावीर झाला, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईनं त्याला १८ कोटींना कायम केलं, संघातल्या सगळ्यांत जास्त रकमेला. त्यानंतर जानेवारी २०२५ मध्ये सिडनीत पुन्हा पाठ. पुढच्या हंगामाचे पहिले चार सामने तो बाहेरच होता.

लोक म्हणतात, बघा मुंबईची निष्ठा. मला ही निष्ठा वाटत नाही. अहो, बुमराहला कोण सोडेल? सोन्याची अंगठी वाकली म्हणून कोणी कचऱ्यात टाकत नाही. तिथं निष्ठेची परीक्षाच झाली नाही, कारण हृदय आणि हिशोब एकच उत्तर देत होते. परीक्षा तिथं होते जिथं हिशोब एक सांगतो आणि मन दुसरं. विसाव्या श्लोकात परतफेड न करू शकणाऱ्याचा उल्लेख आहे तो यासाठीच, असं मला वाटतं. समोरचा परत देऊ शकतो तोपर्यंत आपण देतोय की गुंतवतोय, हे आपल्यालासुद्धा कळत नाही.

तिसरी गोष्ट आपल्या वरळीच्या पोराची, श्रेयस अय्यरची. शिवाजी पार्क जिमखान्यावर प्रवीण आमरेंच्या हाताखाली घडलेला. कोलकात्यानं २०२२ मध्ये १२.२५ कोटींना घेऊन कर्णधार केला. एप्रिल २०२३ मध्ये पाठीची शस्त्रक्रिया झाली, तो हंगाम गेला, नितीश राणानं संघ सांभाळला, कोलकाता सातवं आलं. डिसेंबर २०२३ मध्ये कोलकात्यानं कर्णधारपद पुन्हा अय्यरलाच दिलं. नंतर फेब्रुवारीत क्रिकेट मंडळाच्या करारबद्ध खेळाडूंच्या यादीतून त्याचं नाव गेलं, मार्चमध्ये विदर्भाविरुद्ध रणजी अंतिम सामन्यात ९५ धावा केल्या आणि पाठीनं परत डोकं वर काढलं. तरी त्यालाच कर्णधार ठेवून कोलकाता उतरलं आणि २६ मे २०२४ ला चषक जिंकलं.

इथवर गोष्ट गोड आहे. पण त्याच ऑक्टोबरमध्ये कोलकात्यानं सहा खेळाडू कायम ठेवले, त्यात चषक जिंकून देणारा कर्णधार नव्हता. आतमध्ये काय बोलणी झाली ती दोन्ही बाजूंना माहीत, त्यावर मी बोलणार नाही. एवढंच नोंदवतो की दुखापतीत ज्याला धरला, त्याला धडधाकट असताना जाऊ दिलं. लिलावात पंजाबनं २६.७५ कोटी मोजले. आणि १ जून २०२५ ला अहमदाबादेत मुंबईसमोर त्यानं ४१ चेंडूंत नाबाद ८७ केल्या, पंजाबला अंतिम फेरीत नेलं. समोर गोलंदाजीला बुमराह होता. शस्त्रक्रिया झालेल्या दोन पाठी एकमेकींसमोर उभ्या. दोन वर्षांपूर्वी, २०२३ च्या त्या महिन्यांत, दोघंही मैदानाबाहेर होते. तेव्हा त्यांच्या पाठीवर पैज लावायला कितीजण तयार झाले असते, हा विचार माझ्या मनात त्या रात्री सारखा येत होता. (मुंबई हरल्याचं दुःख वेगळं. ते देवापुढं मांडण्यासारखं नाही.)

यातून एक समज मात्र माझी पक्की झाली. जखमी माणूस संपला की नाही, हे जखमेच्या वेळी कोणालाच कळत नाही. डॉक्टरला थोडं कळतं, खेळाडूला थोडं कळतं, मालकाला सगळ्यांत कमी कळतं, आणि निर्णय घेणारा नेमका तोच असतो.

आता तो गुडघा.

आमचा अंबरनाथचा टेनिस बॉलचा संघ आहे. थंडी पडली की उल्हासनगरपासून बदलापूर-वांगणीपर्यंत दर शनिवार-रविवार कुठं ना कुठं स्पर्धा असते. हॅलोजनचे खांब, माइकवरचा अखंड बडबडणारा समालोचक, यूट्यूबवर लाइव्ह, आणि बक्षिसाला बाइक. २०२४ मध्ये ठाण्याच्या दादोजी कोंडदेव स्टेडियमवर टेनिस बॉलची लीग लिलावासकट भरली, तेव्हापासून आमच्याकडच्या पोरांच्या डोळ्यांत वेगळीच चमक आलीय. मी खेळाडू म्हणून कधीच उजवा नव्हतो, स्कोअर लिहितो आणि पैशांचा हिशोब बघतो. इंजिनियर म्हटलं की एक्सेल त्याच्याच गळ्यात पडतं.

आमचा मुख्य गोलंदाज आठ-नऊ वर्षं आमच्याकडून खेळतोय. उल्हासनगरात जीन्सच्या एका कारखान्यात कामाला. दिवसभर उभ्याचं काम करून रात्री मैदानात यायचा आणि शेवटची ओव्हर टाकायचा. मागच्या हंगामात बदलापूरला उपांत्य सामन्यात सीमारेषेवर चौकार अडवताना पाय खड्ड्यात गेला आणि गुडघ्यातलं लिगामेंट फाटलं. तो चौकार अडला. सामना आम्ही दोन धावांनी जिंकलो. हे दोन्ही आकडे माझ्याच स्कोअरशीटवर आहेत.

शस्त्रक्रिया झाली. अशा शस्त्रक्रियेनंतर मैदानात परतायला साधारण नऊ महिने ते वर्ष लागतं, आणि नऊ महिन्यांआधी परतलेल्यांचा गुडघा पुन्हा जाण्याचा धोका बराच जास्त असतो. त्याला सहा महिने झालेत. आणि आमचे शेठ, जे संघाचा खर्च उचलतात, त्यांनी नव्या हंगामासाठी पंधरा नावं मागितलीत. पंधरा टी-शर्ट, पंधराजणांना दर सामन्याचे पैसे.

व्हॉट्सअॅप ग्रुपवर दोन तट पडले. एक म्हणतो, ज्यानं आपल्यासाठी गुडघा दिला त्याचं नाव काढायचं म्हणजे माणुसकी विकून खायची. दुसरा म्हणतो, भावना बाजूला ठेवा, चौदाजणांत खेळायचं का? तिकडं उल्हासनगर चार नंबरचा एकोणीस वर्षांचा पोरगा दोन वर्षं आमच्याकडं नेटमध्ये बॉल टाकतोय, पाणी नेतोय. मला भेटला की फक्त एवढंच विचारतो, "दादा, या वेळी होईल ना?" तो कधी जोर करत नाही. त्यामुळंच त्याचं ओझं जास्त वाटतं.

पहिल्या तटाचं म्हणणं आधी घेतो, कारण मन तिकडंच ओढ घेतं. रामायणातला जटायू आठवा. म्हातारा पक्षी. रावणापुढं आपला टिकाव लागणार नाही हे त्याला कळत होतं, तरी आडवा आला आणि पंख गमावून पडला. सीता वाचली नाही. म्हणजे निकालाच्या भाषेत बोलायचं तर त्याची कामगिरी शून्य. पण वाल्मीकींचा राम त्याला शून्य धरत नाही. सीतेच्या हरणापेक्षाही याच्या मरणाचं दुःख मला जास्त आहे, कारण हा माझ्यापायी गेला, अशा अर्थाचं तो लक्ष्मणाला सांगतो. वडिलांचे करावेत तसे अंत्यसंस्कार करतो. हे "माझ्यापायी" फार महत्त्वाचं आहे. जखम कुठं झाली, कोणाच्या कामात झाली, याला नीतीत वजन आहे. घरी जिन्यावरून पडून गुडघा गेला असता तर आम्ही फळं घेऊन भेटायला गेलो असतो. आमच्यासाठी चौकार अडवताना गेला, तेव्हा फळांवर भागत नाही.

विनोबांनी १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर प्रवचनं दिली, त्यात सतराव्या अध्यायावर बोलताना ते दानाला उपकार मानत नाहीत. समाजाकडून आपण जन्मापासून घेतच आलेलो असतो, त्या ऋणाची फेड म्हणजे दान, असा त्यांचा रोख आहे. मला हे वाचल्यावर हायसं वाटलं. कारण "बिचारा" हा शब्द मला या सगळ्या चर्चेत टोचत होता. तो बिचारा नाही. तो आमचा सावकार आहे, आम्ही त्याचे देणेकरी.

पण देणं आहे ते कोणत्या चलनात फेडायचं? इथं पहिला तट घसरतो असं मला वाटतं. यादीतली पंधरावी जागा ही आमच्या खिशातली वस्तू नाही. ती जागा त्याला दिली तर किंमत आम्ही मोजत नाही, तो एकोणीस वर्षांचा पोरगा मोजतो. दुसऱ्याच्या ताटातली भाकरी उचलून तिसऱ्याला वाढायची आणि पुण्य आपल्या नावावर लिहायचं, याला सात्त्विक म्हणता येणार नाही. विसाव्या श्लोकात देश आणि काळ पाहून द्यावं असं आहे. जागा चुकली, वेळ चुकली, तर चांगली वस्तूसुद्धा चुकीची दिली जाते.

आणि त्याहून गंभीर गोष्ट. यादीत नाव घातलं की माणूस खेळतो. शेठ पैसे देतात, पब्लिक नाव घेऊन ओरडतं, शेवटची ओव्हर येते, कर्णधार त्याच्याकडं बघतो. त्या क्षणी तो "सहाच महिने झालेत" असं म्हणेल? मी त्याला नऊ वर्षं ओळखतो. बॉल मागून घेईल. आणि गुडघा दुसऱ्यांदा गेला तर फक्त क्रिकेट जाणार नाही, उभ्याचं काम जाईल, चूल थंड होईल. म्हणजे ज्याला आम्ही प्रेमानं संघात ठेवू, त्या प्रेमानंच त्याचा घात होऊ शकतो. काढून टाकण्यातलं क्रौर्य सगळ्यांना दिसतं. धरून ठेवण्यातलं कोणालाच दिसत नाही, कारण त्याला टाळ्या पडतात.

मग दुसरा तट बरोबर का? तोही नाही. "भावना बाजूला ठेवा" म्हणणारे लोक देणंच बाजूला ठेवतात, हा माझा अनुभव आहे. आयटीवाल्यांना हे समजेल. आमच्याकडं प्रोजेक्ट संपलं की माणूस बेंचवर जातो. काम नसतं पण पगार चालू असतो, कंपनी त्याच्यासाठी नवं प्रोजेक्ट शोधते. काही आठवडे सगळे गोड बोलतात. मग हळूहळू मेल कमी होतात, जेवणाच्या टेबलावर त्याची खुर्ची दुसऱ्याकडं जाते, आणि एक दिवस त्याला एचआरचं बोलावणं येतं. कंपनीचा हिशोब चुकीचा असतो असं नाही. ती काही धर्मशाळा नाही. पण त्याच माणसानं दोन वर्षं रात्री-बेरात्री उठून सिस्टीम सांभाळलेली असते, त्याची नोंद कुठल्याच रकान्यात नसते. रकाना नाही म्हणून देणं नाही, असं होतं.

म्हणून मी माझ्या एक्सेलमध्ये दोन शीट केल्यात. तुम्ही म्हणाल, शेवटी इंजिनियरच. पण खरंच, माझा सगळा विचार या दोन शीटमध्येच मावतो. एक निवडीचं. त्यात प्रश्न एकच, येत्या तीन महिन्यांत कोण खेळू शकतं. तिथं मागची नऊ वर्षं चालत नाहीत, दोन धावांचा तो विजय चालत नाही, मैत्री चालत नाही. तिथं तो पोरगा आत येतो. दुसरं शीट देण्याचं. त्यात प्रश्न असा, आमच्या कामात कोणाचं काय गेलं आणि ते भरून निघेपर्यंत आमच्याकडं किती निघतं. तिथं फिटनेस चालत नाही, पुढच्या हंगामात तो परत येईल की नाही हे चालत नाही. फिजिओथेरपीचे उरलेले महिने, कामावर न गेलेल्या दिवसांचा काही वाटा, हे बक्षिसाच्या रकमेतून आणि आमच्या वर्गणीतून. तो परत कधी खेळलाच नाही तरी. नाहीतर मग ते एकविसाव्या श्लोकातलं झालं.

घोळ होतो तो एका शीटचं देणं दुसऱ्या शीटवर फेडायला गेलं की. जागा देऊन कृतज्ञता दाखवायची, म्हणजे पैसे काढायला नकोत. किंवा उलट, हातावर दोन हजार टेकवायचे आणि त्याला निरोप समजायचं. दोन्ही आमच्या ग्रुपवर सुचवून झालंय.

यावर एक आक्षेप आहे आणि तो मला अजून पुरता परतवता येत नाही. मी त्याला भेटायला गेलो तेव्हा त्यानंच तो घेतला. घरात आई चहा करत होत्या, हा पाय लांब करून पट्टा ओढायचा व्यायाम करत होता. मी दोन शीटची गोष्ट सांगितली. तो ऐकून घेऊन म्हणाला, "भावा, पैशाचं मी बघतो. नाव काढू नकोस. नाव गेलं की मी पण जातो."

तो काय म्हणतोय ते मला कळतं. माणूस सहा महिने खाटेवर असतो तेव्हा आपण कोणत्या तरी यादीत आहोत एवढ्या एका धाग्यावर तो सकाळी उठून व्यायाम करतो. कारखान्यात तो एक हात असतो, रेशनच्या रांगेत एक नंबर. मैदानावरच त्याला नाव असतं. ते नाव म्हणजे त्याचं औषधही असू शकतं. डिसेंबर २०२३ मध्ये अय्यरला कर्णधारपद परत मिळालं त्याचा त्याच्या पाठीवर काय परिणाम झाला, हे कोणत्या स्कॅनमध्ये दिसणार आहे?

तरी माझं मत बदललं नाही, फक्त एक गोष्ट त्यात वाढली. नाव यादीतच असावं असं नाही, पण नाव कुठंतरी असावं. गोलंदाजांना तयार करायला कोणीतरी लागतो, आणि त्या पोराला शेवटची ओव्हर टाकायला शिकवेल असा आमच्याकडं दुसरा कोण आहे? हे मी त्याला सुचवलं तेव्हा तो हसला आणि म्हणाला, "म्हणजे माझीच जागा घेणाऱ्याला मी शिकवू?" मी म्हटलं, हो. यात गोड लावण्यासारखं काही नव्हतं. तो बराच वेळ गप्प होता. आई चहा ठेवून गेल्या.

ही मागणी त्याच्याकडं करणं अवघड आहे, हे मला मान्य आहे. आपण देणेकरी, आणि वर त्याच्याकडूनच मागतोय. पण मला वाटतं माणसाला फक्त घेणारा करून ठेवणं हाही त्याचा अपमानच असतो. यज्ञ, दान, तप हे सतराव्या अध्यायात शेजारी-शेजारी बसलेत. जखमी माणसाच्या वाट्याला फक्त दान का यावं? तपही त्याचंच आहे की. पट्टा ओढत रोज चाळीस मिनिटं घाम गाळणं हे तप आम्ही धडधाकट लोक करत नाही.

क्रिकेटमधला एक योगायोग तुम्हाला सांगायचा राहिला, तो इथं सांगतो. २०२२ मध्ये सूर्यकुमार यादव जखमी झाला तेव्हा त्याच्या जागी मुंबईनं आकाश मधवाल नावाचा रुडकीचा एक मुलगा घेतला, २० लाखांत. सिव्हिल इंजिनियर, आणि वयाची विशी उलटेपर्यंत टेनिस बॉलवरच खेळलेला. पुढच्या वर्षी बुमराह नव्हता, आर्चर मेमध्ये गेला. २४ मे २०२३ ला चेपॉकवर लखनौविरुद्ध याच मुलानं ५ धावांत ५ बळी घेतले. तीन माणसांच्या दुखापतींतून त्याला दार उघडलं. सूर्यकुमारची जागा कोणी घेतली नाही, तो परत आला, पुढं भारताचा कर्णधार म्हणूनही खेळला. म्हणजे एकाचं आत येणं हे दुसऱ्याचं कायमचं बाहेर जाणं असतंच असं नाही. मधवाललासुद्धा पुढं मुंबईनं धरून ठेवलं नाही. लिलावात तो १.२० कोटींना राजस्थानकडं गेला. त्याच लिलावात राजस्थाननं आपला जुना आर्चर १२.५० कोटींना परत घेतला. ज्या संघासाठी तो २०२० मध्ये स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू ठरला होता, त्याच संघात. कोपर, पाठ, दोन-तीन वाया गेलेली वर्षं, सगळ्यांनंतर. हे मी आमच्या गोलंदाजाला मुद्दाम सांगितलं. तो म्हणाला, त्याला ५० डॉक्टर होते, मला एक आहे आणि तोही गुरुवारी सुट्टीवर असतो.

शेठना काल फोन केला. यादी सांगितली, पंधरावं नाव त्या पोराचं. दुसऱ्या शीटबद्दलही सांगितलं. ते म्हणाले, बक्षिसाच्या रकमेचं ठीक आहे, पण माझ्या खर्चातून नको. म्हणजे आधी जिंकावं लागेल. तोवर आम्ही अकराजणांनी दरमहा पाचशे काढायचं ठरवलंय. चौघांचे आले, बाकीच्यांना पगाराची तारीख यायचीय.

नाव कमी केल्याचं त्याला ग्रुपवर यादी वाचून कळू नये, एवढी एक गोष्ट मी कर्णधाराकडून मान्य करून घेतली. तो स्वतः घरी जाऊन सांगणार आहे. आज संध्याकाळची ७:१९ ची बदलापूर लोकल पकडतोय, मीही त्याच्याबरोबर आहे. सराव रविवारी सकाळी सहाला आहे आणि येणार की नाही ते त्यानं अजून सांगितलेलं नाही.

उद्या श्लोक २२.